सैल ताणा

कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय मी वेळापत्रक,
चार रंगांच्या स्केचपेननं.
पाचला उठणे. पाच दहा, प्राणायाम.
साडेपाच ते सात गणित, आधी सरळव्याज.
भांडी घासताना कानात इंग्रजी,
दीडपट वेगानं, कारण एकपट आयुष्य पुरत नाही
असं त्या कानातल्या माणसानंच सांगितलंय.
दिवसभर ऑफिसात टॉवेलांची बिलं.
रात्री नऊला टायपिंग, दहाला दहा नवे शब्द,
अकराला आत्मपरीक्षण, पाच ओळी.
झोप लिहायची राहिली.
कागद संपला होता.

दिवाळीपासून एकही खूण चुकली नाही.
गड्ड्याला घरचे सगळे गेले, मी कडी लावून बसले.
धाकट्यानं येताना शिट्टी आणली माझ्यासाठी,
अजून पिशवीतच आहे.

मग एका मंगळवारी
चारशे डझनाच्या जागी मी चार हजार लिहिले
आणि ते चार हजार मला बरोबरच दिसत राहिले.
शेठ ओरडले नाहीत.
म्हणाले, गुंडेटीबाई, पाणी प्या.
त्यानं रडू आलं. ग्लास भरलेलाच राहिला.

रविवारी नाना म्हणाले, डबा घेऊन शेडवर ये.
अक्कलकोट रोडच्या त्या पत्र्याखाली
तीस वर्षं मागांची दुखणी काढलीत त्यांनी.
एक माग बंद करून मला जवळ बोलावलं,
कानाशी तोंड आणून, कारण बाकीचे अकरा चालूच होते:
काय करलालीस गं तू स्वतःचं?
उत्तराची वाट न बघता बोट ठेवलं सुतावर.
हा खालचा बीम. ताठ. कापड ह्याच्या जिवावर.
हा वरचा, बघ, सैल सोडलेला.
फणीनं ठोकलं की हा उगवतो वर, लूप होऊन.
पाणी पितो तो हा.

आणि दोन्ही ताठ ठेवले तर?
तर चादर कर की.
टॉवेल म्हणून अंग पुसायला देऊ नको कुणाला.

माझा हात लगेच पर्सकडे गेला,
आजच्या पाच ओळी सापडल्या होत्या.
नानांनी मनगट धरलं.
लिहू नको आता. बघ नुसतं.

बघितलं.
सुतावर कापसाची धूळ होती, उन्हात हलत होती.
एवढंच.

पुढच्या रविवारी तबस्सुमच्या मामांच्या रानात, बोरामणीला.
वही नेली होती, खोटं कशाला बोलू.
आगटीतून कणसं निघाली, हुरडा चोळताना
तळहात पोळले, तोंड पोळलं,
मामी म्हणाल्या, फुंकून खा, कुठं गाडी चुकलालीय?
शेंगाचटणीला वाटी कमी पडली
तर तबस्सुमनं माझ्या वहीचं पान फाडलं.
'दहा नवे शब्द' ह्यावर तेल पसरत गेलं,
शब्द आधी पारदर्शक झाले, मग नाहीसेच.
त्या दिवशी नवा शब्द एकही शिकले नाही.
आगटी मला आधीच माहीत होतं.
दुपारी बांधावर झोपले,
चपला उशाला, तोंडावर ओढणी.
कुणी उठवलं नाही, आणि मी दचकूनही उठले नाही.

परीक्षा द्यायचीच आहे. एप्रिलात.
वेळापत्रक काढलेलं नाही,
रात्रीच्या दोन चौकटी पांढऱ्या खडूनं खोडल्यात,
पण खडू कागदावर टिकत नाही, खालचं वाचता येतं.
कधी कधी वाचते.

आज पाण्याची पाळी, पाच दिवसांनी.
पावणेसातला उठले, गल्लीभर बादल्यांचा आवाज.
तोंड धुतलं गार पाण्यानं.
नानांनी आणलेला सेकंडचा टॉवेल,
एका कडेला लूपच नाही, विणकराची चूक.
तिकडून पुसलं तर ओलं ते ओलंच.
मी तो फिरवून घेतला
आणि थोडा वेळ
तसाच चेहऱ्यावर धरून ठेवला.